पत्ता बदलण्यापूर्वी थोडे चालू या

हैदराबादेतील आपल्या मंडळींची कोणतीही सभा घ्या. कार्यक्रमपत्रिकेवरील विषय संपले आणि 'अध्यक्षांच्या अनुमतीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू झाले की एक सूचना हमखास पुढे येते. सुलतान बाजार, कोठी, इसामिया बाजार, जांबाग या भागांत आता कोणी येत नाही. गाडी लावायला जागा नाही, गर्दीत जीव गुदमरतो, तरुण मंडळी तर तिकडे फिरकतच नाहीत. तेव्हा आपले कार्यक्रम, आणि जमल्यास कार्यालये व ग्रंथालयेही, पश्चिमेकडील नव्या वसाहतींत हलवावीत. सूचना मांडणारे गृहस्थ बहुधा सज्जन असतात, संस्थेचे हितचिंतक असतात आणि त्यांच्या बोलण्याला माना डोलावणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. म्हणूनच या सूचनेचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते. कारण माझ्या मते तिचे निदान चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानावर केलेली शस्त्रक्रिया रोग्याला मानवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या वस्तीतील आपल्या संस्था गाडीला जागा नाही म्हणून ओस पडल्या नाहीत. त्या वस्तीत आपण पायी चालणे सोडले म्हणून ओस पडल्या. गाडी लावण्याची जागा तेथे कधीच नव्हती. ज्या काळाला आपण या वस्तीचा भरभराटीचा काळ म्हणतो, त्या काळीही नव्हती. मग तेव्हा सभागृहे कशी भरत होती?

याचे उत्तर वस्तीच्या घडणीतच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपर्यंतची मीटरगेज पूर्ण झाली आणि मराठवाडा राजधानीला जोडला गेला. १९१६ साली काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या बाजूंनी येणारा वकील, अर्जदार, विद्यार्थी आणि नोकरीच्या शोधातील कारकून या मार्गाने येथे येई. वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन तो काचीगुडा, बडी चावडी, गौलीगुडा या भागांतील कोणा आप्ताच्या ओसरीवर उतरे. कचेरी, महाविद्यालय, मुद्रणालय, वाचनालय, देऊळ आणि खाणावळ ही सारी त्याच्या पायांच्या टप्प्यात होती. संस्था काढणाऱ्यांनी त्या तेथे काढल्या त्या याच हिशेबाने. ज्याच्या खिशात टांग्याचे भाडे नाही अशा मुलालाही संध्याकाळी वाचनालयात येता यावे, हा तो हिशेब होता.

पुढे आपली घरे दूर गेली. ते अपरिहार्य होते आणि त्यात दोष देण्यासारखे काही नाही. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, मुले सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत गेली, कोणी मियापूरला, कोणी कुकटपल्लीला, कोणी हायटेक सिटीच्या पलीकडे राहावयास गेले. वीस-पंचवीस वर्षे असा काळ होता की तिकडून कोठीला येणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. त्या काळात 'जमत नाही' म्हणणाऱ्याला बोल लावता येत नसे. परंतु आता ती परिस्थिती राहिलेली नाही, आणि आपल्या तक्रारीने मात्र या बदलाची दखल अद्याप घेतलेली दिसत नाही.

२८ नोव्हेंबर २०१७ रोजी मियापूर ते नागोल हा मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. २४ सप्टेंबर २०१८ रोजी अमीरपेटहून एल. बी. नगरपर्यंतची गाडी सुरू झाली. या मार्गावरील उस्मानिया मेडिकल कॉलेज हे स्थानक म्हणजे पुतळीबावडीचा आणि कोठीचा परिसरच. २०१९ साली हायटेक सिटी जोडली गेली. आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा सुमारे अकरा किलोमीटरचा मार्ग खुला झाला. त्यावर नऊ स्थानके आहेत आणि त्यांतील एकाचे नावच सुलतान बाजार आहे. म्हणजे सुमारे ६९ किलोमीटरच्या या नव्या लोहमार्गाने ज्या जुन्या वस्तीला जवळ केले, ती नेमकी आपली वस्ती. मियापूरचे बिऱ्हाड सोडलेला मनुष्य गाडी न बदलता कोठीत उतरू शकतो. स्थानकात उद्वाहक आहे, सरकता जिना आहे. एवढे सारे दाराशी आल्यावरही 'गाडी कोठे लावायची' हा प्रश्न विचारत राहणे, हे पाणी नळाला आल्यावर विहिरीच्या दोराची चिंता करण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की स्थानकापर्यंत ठीक, पुढे काय? पुढे चालायचे. आणि माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे की ते चालणे ही अडचण मानण्याचे कारण नाही. त्या वस्तीचे वाचन करण्याची ती एकमेव रीत आहे. महसूल खात्यात उमेदवारी करीत असताना आम्हांला पहिला धडा असा मिळाला होता की पंचनामा गाडीत बसून होत नाही. हद्दीचा दगड, विहीर, वहिवाटीची वाट ही पायी फिरणाऱ्यालाच दिसतात. गाडीतून दिसते ती फक्त सडक. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या महसूल सेवेत असताना आदिलाबादकडील गोंडांची भाषा शिकले, ती काही मोटारीच्या काचेतून शिकले नाहीत. शहराच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे.

सुलतान बाजार स्थानकातून खाली उतरलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत काय भेटते, ते पाहू.

पहिल्याने भेटते कोठी, म्हणजे इंग्रजांची रेसिडेन्सी. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या काळात, १८०३ च्या सुमारास तिचे बांधकाम सुरू झाले. दर्शनी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस दगडी सिंह बसलेले. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय आले. तेच आता महिला विद्यापीठ झाले असून २०२४ साली त्याला चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले. रेसिडेंटाच्या दिवाणखान्यात तेलंगणातील खेड्यांच्या लेकी शिकल्या, आणि जमीनदाराशी झुंजलेल्या एका परटीण बाईचे नाव त्या विद्यापीठाला मिळाले, ही गोष्ट ज्याला रोमांचक वाटत नाही त्याने इतिहास वाचूच नये. कोठीच्या बस थांब्याजवळ तुर्रेबाज खान याचे स्मारक आहे. १७ जुलै १८५७ रोजी मौलवी अल्लाउद्दीन आणि तुर्रेबाज खान यांनी रोहिल्यांसह याच रेसिडेन्सीवर हल्ला चढविला होता. रोज हजारो प्रवासी त्या स्मारकापाशी बसची वाट पाहतात आणि त्यांतील बहुतेकांना ते कोणाचे हे ठाऊक नसते. गाडीतून जाणाऱ्यास तर ते दिसतही नाही.

रेसिडेन्सीभोवती जो बाजार वसला तो रेसिडेन्सी बाजार. तेथे अंमल रेसिडेंटाचा, निजामाचा नव्हे. त्यामुळे सावकार आले, गुजराती आणि मारवाडी पेढ्या आल्या, आणि ज्यांना शहराच्या इतर भागांत मोकळेपणाने बोलता येत नसे असे वकील, शिक्षक व सुधारकही या आश्रयाने राहिले. १९३३ साली हा भाग निजामाला परत मिळाला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. आपल्या संस्था येथेच का उगवल्या, याचे उत्तर भूगोलात आहे ते असे. ज्या मातीत जे पीक आले ते त्या मातीचे असते. 'जागा दुसरीकडेही मिळेल' म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

या बाजारात आर्य समाजाचे मंदिर आहे, स्थापना १८९२. मराठवाड्यात जन्मलेले आणि पुढे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर हे त्या समाजाचे आधारस्तंभ. याच भागात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय आहे, स्थापना १९०१. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे नागपूरला शिकलेले आणि मराठीतूनही लेखन केलेले विद्वान होते. जांबागेत विवेकवर्धिनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी उभी केलेली. इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद आहे. कोठीच्या कडेकडेने जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. गुजराती गल्लीत गुजराती ऐकू येते, बडी चावडीत तेलुगू, दुकानांच्या गल्ल्यावर दख्खनी, आणि थोडे थांबले तर मराठीही. अर्ध्या तासाच्या फेरीत चार भाषा कानांवर पडाव्यात आणि त्या चारही भाषा घरच्या असाव्यात, अशी जागा नव्या वसाहतींत मला कोणी दाखवून द्यावी.

आता थोडे कडू बोलतो. ही फेरी केवळ अभिमानाची नाही. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते. उर्दू, इंग्रजी, मराठी भाषणे लोकांनी ऐकून घेतली. मात्र एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांची हुर्यो उडविण्यात आली, आणि हुर्यो उडविणाऱ्यांत मराठी मंडळी पुढे होती. अपमानित झालेले तेलुगू गृहस्थ सभेतून उठले आणि त्यांनी त्याच रात्री आंध्र जनसंघाची स्थापना केली. पुढची आंध्र महासभा आणि तेलंगणातील भाषिक जागृती यांचा उगम त्या रात्रीत आहे. आपल्या सुवर्णमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी स्मरणिकांतून ही हकीकत फारशी आढळत नाही. परंतु जांबागेतून निघून पायी आंध्र भाषा निलयमपर्यंत या. अंतर पायांनी मोजले म्हणजे कळते की ज्यांची आपण टर उडविली ते कोणी परमुलखातले नव्हते. दोन गल्ल्यांपलीकडचे शेजारी होते. त्यांचे ग्रंथालय तेव्हा वीस वर्षांचे झालेले होते आणि ते उभारणाऱ्यांत मराठी जाणणारा माणूस होता. त्याला मराठी येत होते; तेलुगू येणारे आपल्यांत किती होते, हा प्रश्न त्या गल्लीतच विचारावा लागतो. आजही तो शिळा झालेला नाही. चार पिढ्या या शहरात राहून तेलुगू पाटी वाचता न येणारी कुटुंबे आपल्यांत आहेत, आणि ती 'शहर आपले राहिले नाही' अशी खंत व्यक्त करीत असतात. शहराची लिपी न वाचणाऱ्याचे शहर कसे राहावे?

आता आक्षेपांचा विचार करू. कारण विरोधी बाजू न ऐकता निकाल देणे हे आमच्या सेवेच्या संस्कारांत बसत नाही.

पहिला आक्षेप वयाचा. आपले बहुतेक सभासद साठीच्या पुढचे, गुडघे दुखतात, चालणार कसे? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण माझेही गुडघे त्याच वयाचे आहेत. परंतु हेच सभासद सकाळी वसाहतीच्या बागेत घड्याळ लावून चाळीस मिनिटे चकरा मारतात. तेथे चालणे आरोग्याचे आणि कोठीत चालणे कष्टाचे, असा भेद का पडावा? ज्यांना खरोखरच चालवत नाही त्यांच्यासाठी स्थानकापाशी रिक्षा आहेत. सर्वांना चालवत नाही म्हणून कोणीच चालू नये, हा न्याय विचित्र आहे.

दुसरा आक्षेप असा की मेट्रोनेच सुलतान बाजाराचे नुकसान केले. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. या मार्गाला येथील व्यापाऱ्यांनी अनेक वर्षे विरोध केला. २०१४ मध्ये नव्या तेलंगण शासनानेही येथील आखणी बदलण्याचा मनोदय व्यक्त केला होता. अखेर मूळची आखणीच कायम राहिली. अरुंद बाजारातून खांब गेले, काही दुकाने गेली, कित्येकांच्या माथ्यावरचे आकाश गेले. ज्यांची दुकाने गेली त्यांच्यापुढे मी मेट्रोचे गुणगान करणार नाही. परंतु हानी होऊन चुकली आहे आणि तिच्या बदल्यात जे मिळाले ते वापरायचेही नाही, हा दुहेरी तोटा आहे. वस्तीने किंमत मोजली. निदान त्या किमतीत आलेल्या गाडीतून वस्तीकडे माणसे तरी यावीत. दुकानदाराला आपल्या हळहळीचा उपयोग नाही. त्याला गिऱ्हाईक हवे आहे, आणि पायी चालणारा मनुष्य हा गिऱ्हाईक असतो. मोटारीतून जाणारा नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे: चालायचे कोठून? पदपथ आहेत कोठे? येथे मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे, आणि माझा रोख आता आपल्याकडून शासनाकडे वळतो. एवढा मोठा लोहमार्ग उभारताना खांब, तुळया आणि स्थानके यांवर जेवढी बुद्धी खर्च झाली, तिचा शतांशही स्थानकाच्या शेवटच्या पायरीपासून पुढच्या पाचशे पावलांवर झालेला दिसत नाही. सरकता जिना प्रवाशाला अलगद खाली आणतो आणि दुचाक्या, ठेले, रोहित्राचे खोके व उघडे गटार यांच्यामध्ये सोडून देतो. जणू स्थानक हेच प्रवाशाचे घर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची आणि २.२ मीटर उंचीची निर्वेध जागा असली पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे तत्त्व घातले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. देशात रस्त्यावरील अपघातांत मरणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा असतो. म्हणजे धोरण आहे, मोजमाप आहे, न्यायालयाचा आदेश आहे. नाही तो पदपथ.

मी आयुष्यभर शासनाच्या टेबलामागे बसलो असल्याने हे असे का होते ते सांगू शकतो. मोटार चालविणारा तक्रार लिहितो. पादचारी लिहीत नाही. त्याला वाटते की अडथळे ओलांडणे हा चालण्याचाच भाग आहे. फाइल हलते ती अर्जाने, आणि पादचाऱ्याचा अर्ज फाइलीत नसतोच. आपल्या संस्थांकडे नोंदणी आहे, लेटरहेड आहे, निवृत्त अभियंते, वकील आणि अधिकारी यांची उणीव नाही. तरीही स्थानकापासून आपल्या दारापर्यंतच्या पदपथाविषयी एखादे सविस्तर निवेदन, नकाशासह आणि मोजमापांसह, आपण कधी दिले आहे काय? गाडीतळाची मागणी मात्र आपण तोंडी वारंवार केली आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. पदपथ मोकळा करा म्हटले की पहिली कुऱ्हाड फेरीवाल्यावर पडते, आणि आपल्यांतील काहींना तेच हवे असते. मी त्यांच्यांत नाही. फेरीवाल्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे आणि त्यांच्या जागा आखून द्याव्यात असे सांगितले आहे. शिवाय संध्याकाळी सात वाजता गल्ली सुरक्षित वाटते ती पोलिसांमुळे कमी आणि टोपलीवाल्या बाईमुळे अधिक. पदपथावर खरे आक्रमण असते ते उभ्या केलेल्या वाहनांचे. आणि ती वाहने कोणाची, हे सभेला स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांनी मनाशी विचारून पाहावे.

चौथा आक्षेप नव्या पिढीचा आहे. ग्रंथ संगणकावर घाला, व्याख्याने घरबसल्या दाखवा. वास्तूची आवश्यकता काय? ग्रंथांचे संगणकीकरण अवश्य करावे. वाळवी आणि दमट हवा कोणाची वाट पाहत नाही. दूर परदेशी असलेल्या नातवंडांनी पडद्यावर व्याख्यान ऐकले तर आनंदच आहे. परंतु पडद्यावर ऐकलेल्या व्याख्यानाला शेजार नसतो. सभागृहातून बाहेर पडल्यावर समोरच्या दुकानात चहा घेताना जो वाद होतो, जुन्या पुस्तकांच्या ढिगात अचानक आजोबांच्या सहीची प्रत सापडते, तेलुगू दुकानदार 'आज तुमच्याकडे कसला कार्यक्रम' असे विचारतो, यांतून संस्था वस्तीत रुजते. वस्तीत न रुजलेली संस्था म्हणजे केवळ सभासदांची यादी होय.

आणि आता या साऱ्या वादात खरोखर पणाला काय लागले आहे ते सांगतो. आपण येथे पाहुणे नाही. नोकरीच्या निमित्ताने पाच वर्षांसाठी आलेल्या आणि सणासुदीला एकत्र जमणाऱ्या मंडळींत आणि आपल्यात फरक आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांची मंडळे उत्साही आहेत आणि पुष्कळदा आपल्याहून अधिक काम करतात. पण आपली गोष्ट वेगळी आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आणि आपले वाडवडील येथेच राहिले. आपला मुलूख आपल्यापासून निघून गेला. आपण कोठून निघून आलो नाही. १९३१ साली या शहरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते परप्रांतातील संमेलन वाटले नव्हते. हा आपला दावा कोणत्या पुराव्यावर टिकतो? शिधापत्रिका आणि आधारपत्र आज सर्वांकडेच आहे. आपला पुरावा आहे तो त्या गल्ल्यांतील पत्ता. शाळेची कोनशिला, ग्रंथालयाचा दर्शनी फलक, देवळाच्या भिंतीवरील देणगीदारांची नावे, हे आपले दस्तऐवज आहेत. नव्या वसाहतीतील भाड्याच्या सभागृहात गेल्या दिवशी आपणही एक हौशी मंडळ होऊ. चांगले मंडळ होऊ, पण स्थायिक राहणार नाही. कब्जा सोडलेल्या जमिनीचे काय होते, हे महसूल खात्यात काम केलेल्यास सांगावे लागत नाही.

यावर काही जण म्हणतील, म्हणूनच तर आम्ही आठवणी लिहितो, वारसा जपतो, वर्षातून एकदा वातानुकूलित बसने जुन्या शहराची सहल काढतो. क्षमा करा, पण हेच स्मरणरंजन मला सर्वाधिक खटकते. जिवंत वस्तीला आपण तिचे वर्षश्राद्ध घालतो. तेथील तेलुगू मुले शाळेत जात आहेत, मुसलमान कारागीर दुकान उघडत आहे, मारवाडी पेढीवर तिसरी पिढी बसली आहे. २५ ऑगस्ट २००७ रोजी कोठीतील एका चाटच्या दुकानात बाँबस्फोट होऊन निरपराध माणसे मेली. त्याच वर्षी ते दुकान पुन्हा उघडले आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. ज्यांनी एवढा आघात सोसूनही वस्ती सोडली नाही त्यांच्यासमोर 'गाडी लावायला जागा नाही' हे कारण सांगताना आपल्याला संकोच वाटला पाहिजे.

मग करावे काय? उपदेश पुष्कळ झाला. आता काही साधी कामे सुचवितो. त्यांना निधी लागत नाही आणि घटनादुरुस्तीही लागत नाही.

एक, कार्यक्रमांची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवावी. रात्री उशिरापर्यंत लांबणारी भाषणे हा आपल्या ओसाडीचा एक मोठा भागीदार आहे. साडेपाचला आरंभ आणि साडेसातला समाप्ती, असा नियम करून तो अध्यक्षांनाही लावावा.

दोन, स्थानकापासून संस्थेच्या दारापर्यंतचा रस्ता कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष चालून मोजावा. पदपथाची रुंदी, अडथळे, बंद दिवे, रस्ता ओलांडण्याची सोय यांची नोंद करावी. मराठी, तेलुगू, गुजराती आणि उर्दू या चारही भाषांतील शेजारी संस्थांच्या सह्यांनिशी एक निवेदन द्यावे. १९२१ साली ज्या सभागृहात शेजाऱ्याची भाषा ऐकून घेतली गेली नाही, त्या वस्तीत एका पदपथासाठी का होईना, चार भाषांनी एकाच कागदावर सही करावी. उशिरा का असेना, तो एक सभ्य जबाब होईल.

तीन, महिन्यातून एका रविवारी नातवंडांना घेऊन ही फेरी करावी. मार्गदर्शक आपणच. मुलांना पाट्या वाचावयास लावाव्यात. तेलुगू त्यांना शाळेत येतेच, ती आपल्याला वाचून दाखवतील. ज्यांना आणखी चालवेल त्यांनी पुढच्याच नारायणगुडा स्थानकावर उतरावे. तेथे केशवराव कोरटकरांच्या नावाची, १९४० साली निघालेली शाळा आहे, आणि त्याच नारायणगुड्यात माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ साली काढलेली तेलुगू मुलींची शाळा आहे. आंध्र जनसंघाचे धुरीण माडपाटी आणि विवेकवर्धिनीचे कोरटकर, दोघांचीही स्मारके मुलांच्या गलबल्याने भरलेली आहेत. सभेत एकमेकांचे न ऐकणाऱ्या समाजांनी आपली मुले शिकविण्याचा एकच ध्यास घेतला होता, हे तेथे चालत गेल्यावर कळते.

चार, आणि हे तर पुढच्याच कार्यक्रमापासून करता येईल. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर तळाशी 'वाहने ठेवण्याची सोय मर्यादित आहे' अशी दिलगिरीची ओळ छापलेली असते. ती काढून टाकावी. तिच्या जागी स्थानकाचे नाव आणि तेथून संस्थेपर्यंत पायी लागणारी मिनिटे छापावीत. मिनिटे अंदाजाने लिहू नयेत. एकदा चालून, घड्याळ पाहून लिहावीत. एवढे केल्यावरही सभागृह रिकामे राहिले, तर स्थलांतराचा ठराव जरूर मांडावा. त्या सभेला मी विरोध नोंदवायला येईन, चालतच येईन.